लायसन्स आहे, पण ती गाडी शिकलोय का?

(या भागाचा मजकूर. ज्यांना लोकलमध्ये हेडफोन लावायला जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मी डोंबिवलीतून रेकॉर्ड करतोय, घरातूनच. मागे रिक्षांचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. विषयच असा आहे की तो आवाज असला तरी चालेल.

गेल्या रविवारी मामा घरी आला होता. मामा डोंबिवली पूर्वेला रिक्षा चालवतो, नव्वदच्या दशकापासून. त्याला लायसन्स रिन्यू करायचं होतं, आणि आता सगळं ऑनलाइन झाल्यामुळे हे काम घरातल्या मोबाइलवाल्या भाच्याकडे येतं. फॉर्म भरता भरता मी त्याला विचारलं, "मामा, एवढ्या वर्षांत तुला कोणी परत गाडी चालवून दाखवायला सांगितलं का रे?" तो हसला. म्हणाला, "डॉक्टरचा कागद मागतात. गाडी कोण बघतो?"

आज याच वाक्यावर बोलायचंय. पैसे घेऊन माणसं किंवा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला लायसन्स देताना आपले नियम नेमकं काय तपासतात, आणि रस्त्यावर जीव कशामुळे जातो, या दोन गोष्टींत किती अंतर आहे?

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण मी स्वतः या नियमांच्या आतून गेलोय.

२०१८ साली मी चारचाकीचं लायसन्स काढलं. वय २१. ड्रायव्हिंग स्कूलची छोटी कार, इन्स्ट्रक्टरच्या पायाखाली दुसरा ब्रेक. परीक्षेत थोडं पुढे, थोडं मागे, एक वळण, झालं. कार्डावर २०३८ पर्यंतची तारीख. पुढच्या वर्षी कॉलेज संपलं, नोकरी नव्हती, आणि भिवंडीच्या एका गोदामात पिकअपवर ड्रायव्हर पाहिजे होता. शेठने लायसन्स बघितलं, म्हणाला, "एलएमव्ही आहे ना, चालतंय." आणि खरंच चालत होतं. कायद्याने चालत होतं. ते कसं, ते पुढे सांगतो.

दीड टन माल नेणारी पिकअप. त्या दिवशी फरशीचे बॉक्स भरले होते, दीड टनापेक्षा नक्कीच जास्त. भिवंडीहून कशेळीमार्गे कापूरबावडी, तिथून घोडबंदर रोडने मीरा रोड. गायमुखचा घाट तुम्हाला माहीत असेल. चढ चढलो, उतार लागला, आणि मी रिकाम्या कारसारखी गाडी सोडली. वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबत दाबत. थोड्या वेळाने पेडल मऊ पडलं. दाबतोय, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. पुढे स्कूटरवर दोघं होते, मागे बसलेल्या बाईंच्या हातात पिशवी. मी हॉर्न दाबून धरला आणि डावीकडे घेतली. स्कूटरच्या आरशापासून माझी गाडी किती अंतरावरून गेली ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे मातीच्या ढिगाला लागून गाडी थांबली.

मागून येणारा एक ट्रक ड्रायव्हर थांबला. पन्नाशीचा माणूस. शिव्या देईल असं वाटलं. तो चाकाजवळ वाकला, जळका वास घेतला आणि म्हणाला, "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं, बाळा. इंजिनला गाडी धरू दे. ब्रेक शेवटी."

ही एक ओळ. जड गाडी उतारावरून कशी उतरवायची. हे मला ना परीक्षेत विचारलं, ना शाळेत शिकवलं. कारण माझी परीक्षा कारची होती. आणि काम मालाचं होतं.

तर आता नियम काय म्हणतात ते बघू. घाबरू नका, कलमांची यादी वाचणार नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन प्रकारचे चालक धरलेत. एक स्वतःच्या कामासाठी गाडी चालवणारा, दुसरा 'ट्रान्सपोर्ट' म्हणजे भाड्याची, धंद्याची गाडी चालवणारा. दुसऱ्यासाठी अटी जास्त कडक. वय १८ ऐवजी २०. आधी किमान एक वर्ष हलक्या गाडीचं लायसन्स हातात हवं. डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं, म्हणजे 'मी ठणठणीत आहे' असं स्वतःच लिहून देऊन भागत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र हवं. आणि लायसन्सची मुदत छोटी. पूर्वी तीन वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीने पाच झाली. रिक्षा-टॅक्सीवाल्यांना आपल्याकडे वर बॅजही लागतो.

यामागचा विचार साधा आहे. जो माणूस दिवसभर रस्त्यावर आहे, ज्याच्या मागे तीन प्रवासी किंवा दहा टन माल आहे, त्याला जास्त तपासा. पटण्यासारखं आहे.

आता गंमत बघा. याच कायद्यात हलक्या गाडीची व्याख्या वजनावर आहे. धंद्याची गाडी असेल तर मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत. म्हणजे आपली कार हलकी, रिक्षाही हलकी, छोटा हत्तीही हलका, आणि टाटा ४०७ सारखा टेम्पोसुद्धा हलका. मग प्रश्न आला: कारचं लायसन्स असलेला माणूस टेम्पो चालवताना पकडला गेला, किंवा अपघात झाला, तर त्याच्याकडे लायसन्स आहे म्हणायचं की नाही?

हा प्रश्न कोर्टात आला तो बहुतेक विम्यामुळे. अपघातात कोणी गेलं की घरचे भरपाई मागतात. विमा कंपनी म्हणते, ड्रायव्हरच्या लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट'चा शिक्का नव्हता, म्हणून आम्ही देणं लागत नाही. जुलै २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं की ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला वेगळा शिक्का लागत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने राज्यांना तसं कळवलंही. म्हणून माझा शेठ म्हणाला, चालतंय. पुढे विमा कंपन्यांनी हा निर्णय पुन्हा तपासायची मागणी केली, प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला: २०१७ चा निर्णय बरोबर. धोकादायक माल आणि ई-रिक्षा यांच्या खास अटी मात्र कायम.

मला या निकालात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोर्टाने म्हटलं की हलक्या गाडीचं लायसन्स असलेले लोक धंद्याची गाडी चालवतात म्हणून अपघात वाढले, असं दाखवणारी ठोस आकडेवारी कोणी समोर ठेवली नाही. विचार करा. इतकी वर्षं हा शिक्का होता, आणि त्याने नेमके किती जीव वाचवले हे कोणाला आकड्यात सांगता आलं नाही.

माझ्यासारख्याचं म्हणाल तर निकालाने दोन गोष्टी झाल्या. चांगली ही, की उद्या माझ्या पिकअपखाली कोणी आलं असतं, तर केवळ एका शिक्क्यावरून त्यांच्या घरच्यांची भरपाई अडली नसती. हे छोटं नाही. घरातला कमावता माणूस गेल्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढणं काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. दुसरी गोष्ट ही, की मला भरलेली गाडी चालवायला शिकवणं ही कोणाचीच जबाबदारी उरली नाही. शिक्का असताना तरी कोण शिकवत होतं, हा प्रश्न आहेच.

शिक्षणाच्या अटीचंही असंच झालं. मधली काही वर्षं धंद्याच्या लायसन्ससाठी आठवी पास असणं सक्तीचं होतं. ज्यांच्याकडे आधीपासून लायसन्स होतं ते सुटले. मामा सातवीत शाळा सोडलेला, पण जुना, म्हणून वाचला. त्याच्याच स्टँडवरच्या एका मुलाला मात्र हात चांगला असूनही लायसन्स निघेना. २०१९ मध्ये केंद्राने ती अट काढून टाकली. मी मामाला विचारलं, बरोबर केलं का? तो म्हणाला, "आठवीत काय ब्रेक शिकवतात?" बोर्ड वाचता येणं, खुणा समजणं गरजेचं आहे, नाही असं नाही. पण ते तपासायचं असेल तर सरळ तेच तपासा ना, शाळेचा दाखला कशाला?

आता जरा मोठ्या गाडीकडे जाऊ, कारण तिथे हा प्रश्न सगळ्यात भयानक दिसला.

९ डिसेंबर २०२४. कुर्ला. रात्री साडेनऊच्या सुमाराची वेळ. बेस्टची ३३२ नंबरची, भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली, माणसांना आणि गाड्यांना उडवत गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत सात जणांचा मृत्यू झाला होता, पुढे तो आकडा वाढला. व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, मी पुन्हा वर्णन करत नाही. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण त्यानंतर जो मुद्दा चर्चेत आला तो आपल्या विषयाचा आहे. ड्रायव्हरला आधीचा अनुभव छोट्या बसचा होता, आणि या बारा मीटरच्या, क्लच नसलेल्या इलेक्ट्रिक बसचं प्रशिक्षण अगदी थोड्या दिवसांचं झालं होतं, असं बातम्यांतून समोर आलं.

लायसन्सच्या दृष्टीने क्लच-गिअरची जुनी बस आणि ही बस, दोन्ही 'जड वाहन'. एकच रकाना. पण पायाखाली सगळं वेगळं. क्लच नाही, इंजिनचा आवाज नाही, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की गाडी लगेच ओढ घेते. वीस वर्षं डावा पाय क्लचवर ठेवलेल्या माणसाला घाईच्या क्षणी जुनीच सवय आठवते. हे माझं मत नाही, कुठल्याही बस ड्रायव्हरला विचारा. आणि आपल्याकडे टीएमटीच्या ताफ्यातही इलेक्ट्रिक बस आल्यात. म्हणजे हा फक्त कुर्ल्याचा प्रश्न नाही. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसवरून उतरणाऱ्या प्रत्येक बसचा आहे.

मग प्रशिक्षण किती हवं? नियमात आकडे आहेत. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत जड वाहनासाठी ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स किमान ३० दिवसांचा, आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले, त्यात जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. तिथून पास झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणीही द्यावी लागत नाही. कागदावर चांगलं आहे. पुण्यात भोसरीला आयडीटीआरचा ट्रॅक आहे, तिथे चाचणी कशी नीट होऊ शकते ते बघायला मिळतं. पण ठाणे-कल्याण पट्ट्यात तुम्ही-आम्ही ड्रायव्हिंग स्कूल म्हणून जे अनुभवलंय ते आठवा. गल्लीत दोन फेऱ्या, एक सही, आणि "साहेब विचारतील तर एवढंच सांग." माझं असंच झालं होतं. त्या स्कूलचं नाव घेत नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही खूश होतो, लवकर सुटलो म्हणून.

आता ज्या गोष्टीकडे लायसन्स बघतच नाही, ती सांगतो. झोप.

शीळफाट्याला रात्री अकराला उभे राहून बघा. उरणच्या बंदरातून निघालेले कंटेनर, मुंब्रा बायपास, खारेगाव, तिथून कोणी भिवंडीला, कोणी घोडबंदरने गुजरातकडे. शहरात दिवसा अवजड गाड्यांना ठरावीक वेळेत बंदी. बंदी योग्यच आहे, नाहीतर आपण ऑफिसला पोचणार नाही. पण त्याचा अर्थ असा, की ड्रायव्हर दिवसभर रस्त्याकडेला केबिनमध्ये उन्हात थांबतो, आणि रात्री गेट उघडलं की सगळे एकदम सुटतात. तो दिवसभर 'चालवत' नव्हता, पण झोपलेलाही नव्हता.

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता आपल्याकडे, २०२५ पर्यंत. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. किती जुना बघा. माझ्या पिकअपच्या दिवसांत मी पहाटे पाचला निघून रात्री नऊला घरी यायचो, आणि कोणी मला कधी विचारलं नाही की आज किती तास झाले. युरोपात ट्रक-बसमध्ये तास मोजणारं यंत्र असतं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची. आणि व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांनी ३५ तास पुन्हा शिकावं लागतं. आपल्याकडेही पाच वर्षांनीच रिन्यूअल आहे. फक्त त्या दिवशी डॉक्टरचा कागद मागतात. मुदतीत गेलात तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. मामाचं वाक्य इथे परत येतं.

याला आपल्याकडे एक अपवाद आहे आणि तो डोंबिवलीकरांच्या ओळखीचा आहे. एमआयडीसीत येणारे केमिकलचे टँकर. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला नियमाने वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, माल काय आहे, गळती झाली तर काय करायचं, आणि त्याच्या परवानगीची मुदतही कमी, तीन वर्षं. म्हणजे काम बघून शिकवायचं हे आपल्या कायद्याला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की टँकरला जे लागू केलंय ते थोड्या प्रमाणात बारा मीटरच्या बसला आणि भरलेल्या टेम्पोलाही लागू करा. गाडी बदलली की त्या गाडीचे काही तास. दर पाच वर्षांनी एक दिवस पुन्हा ट्रॅकवर. आणि तासांची नोंद, जिचा जाब ड्रायव्हरला नाही, मालकाला विचारला जाईल.

मालकावर जबाबदारी आत्ताही आहे बरं का. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकालाही दंड होतो, २०१९ पासून ५,००० रुपये. पण लायसन्स असलेल्या, न शिकलेल्या, न झोपलेल्या माणसाच्या हाती जास्त माल भरलेली गाडी दिली तर? माझ्या शेठला त्या दिवशी गाडी उशिरा पोचल्याचं वाईट वाटलं. माझ्या पगारातून फुटलेल्या बॉक्सचे पैसे कापले.

आता आपल्यावर येऊ, म्हणजे तुमच्या-माझ्यावर. डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनला संध्याकाळी शेअर रिक्षाची रांग. परमिट तीन प्रवाशांचं. चौथा पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धा बाहेर. हा चौथा मी असंख्य वेळा झालोय. मामा सांगतो की चौथी सीट बसली की उजवा हात नीट वळत नाही, हँडल पूर्ण फिरत नाही. म्हणजे त्याने ३० वर्षांत जे शिकलंय ते आपण दहा मिनिटं लवकर घरी जायला काढून घेतो. तो घेतो का? घेतो, कारण तीन सीटवर त्याचं गणित बसत नाही, आणि परमिट खुले झाल्यापासून रिक्षाही खूप वाढल्यात. चूक दोघांची आहे. पण पुढे न बसणं माझ्या हातात आहे. मी दोन वर्षं झाली, बसत नाही. पावसात भिजून उशिरा पोचलोय, तरी.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारचाच आकडा आहे. तासाला साधारण १९. हा भाग ऐकेपर्यंत चार-पाच. खड्डे आहेत, दारू आहे, वेग आहे, हेल्मेट नसणं आहे, सगळं लायसन्सवर ढकलता येणार नाही. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या खड्ड्यांनी घेतलेले जीव आपण विसरलेलो नाही. पण गाडी चालवणारा माणूस कसा तयार होतो, हे ठरवणं आपल्या हातात आहे, आणि तिथे आपण एका दिवसाच्या चाचणीवर पुढची कित्येक वर्षं सोडून देतो.

तुमच्यापैकी बरेच जण डिलिव्हरीला, पिकअपला, टॅक्सीला लागलेत किंवा लागणार आहात, मेसेजेसवरून कळतं. एवढंच सांगतो. नवीन गाडी हातात आली की पहिल्या दिवशी माल भरून एकट्याने निघू नका. जुना ड्रायव्हर बाजूला बसवा. ब्रेक रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा, दोन्ही करून बघा. डोळे जड झाले तर बाजूला घ्या, शेठ ओरडेल, ओरडू दे.

गायमुखनंतर मी आठवडाभर गाडीला हात लावला नाही. मग मामाने त्याच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला सांगून दोन रविवार मला सकाळी सहाला काटई नाक्यापुढे नेलं. मागे वाळूच्या गोणी. सात-आठ तास झाले असतील एकूण. उतार, वळण, रिव्हर्स, अचानक ब्रेक. माझं खरं लायसन्स मी ते धरतो. त्याचा कागद कोणी दिला नाही.

मामाचा फॉर्म शेवटी भरला गेला. फी कापली, तारीख मिळाली. जाताना म्हणाला, "डॉक्टर फक्त डोळे बघेल ना? गुडघाही दुखतो हल्ली, ब्रेक दाबताना." मी म्हटलं, "मामा, ते सांग डॉक्टरला." तो म्हणाला, "सांगितलं तर लायसन्स देईल का?"

मला उत्तर देता आलं नाही. रिक्षा बंद झाली तर त्याचं घर कसं चालणार, हे कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. तरी मी त्याच्याबरोबर जाणार आहे, आणि गुडघ्याचं मीच सांगणार आहे.

चला, थांबतो. तुम्ही गाडी कशी शिकलात, कोणी शिकवली, व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हे गाडी चालवत ऐकत असाल तर आधी बाजूला घ्या. भेटू.